लाटेचा शिंपला, खाडीचा शिंपला

बिराजदार सरांसमोर कोणी "मार खाल्ल्याशिवाय माणूस घडत नाही" असं म्हटलं, की ते खिशातून दोन शिंपले काढून टेबलावर ठेवायचे. एक लहान, जाड. दुसरा त्याच्या जवळपास दुप्पट, पण अंगठ्याने दाबला तर फुटेल असा पातळ. मग विचारायचे, "सांगा, यातल्या कुणी मार खाल्ला?"

सर आमच्या लातूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. मूळचे उदगीरकडचे. दर दिवाळीच्या सुट्टीत ते घर सोडून कोकणात एकाच किनाऱ्यावर जात. ओहोटी लागली की तिथले दोन खडक उघडे पडत. एक समुद्राच्या तोंडावर, लाटा थेट अंगावर घेणारा. दुसरा खाडीच्या आडोशाला. दोन्हींवर एकाच जातीचे शिंपले धाग्यांनी चिकटलेले असत. ते काढायचे, मोजायचे, उघडून आत अंडी किती भरलीत ते पाहायचं, हे सर सात वर्षं करत होते. निवृत्त होण्याआधी त्यावर पीएच.डी. करायची, एवढीच त्यांची इच्छा होती.

"अरे बाबा, लाटेवरचा शिंपला धागेच विणत बसतो," ते सांगत. "सुटला की मेला. मग वाढायचं कशाच्या जोरावर? अंडी कशाच्या जोरावर भरायची? सगळा जीव धरून ठेवण्यात जातो. लोक त्याला कणखर म्हणतात. मी म्हणतो, त्याला वाढूच दिलं न्हाई." आणि लगेच पुढे, "हे माझ्या दोन खडकांपुरतं हं. तिसरा मी पाहिला न्हाई."

माझे वडील मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाल. कॉलेजात येणारा घरातला मी पहिला. समुद्र मी अजूनही पाहिलेला नाही. शाळेपासून मला सगळे सांगत आले होते की गरिबीच माणसाला मोठं करते. तसं नसेलही, हे मला पहिल्यांदा सरांनी सांगितलं. ऐकून का कोण जाणे, मला बरं वाटलं होतं.

तेव्हा लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, आणि पावसाने सलग दुसऱ्या वर्षी दडी मारली होती. कॉलेजच्या नळाला पाणी नव्हतं. सर शिंपले कोरड्या ब्रशने साफ करत. गणिताचे सर टोमणा मारत, "इथं घागरभर पाणी न्हाई अन् हे समुद्र मोजून राहिले! त्यात लिंगायत माणूस, अन् शिंपले सोलतो!"

"सोलतो," सर शांतपणे म्हणत. "खात न्हाई."

त्या दिवाळीत निघताना सरांनी प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीची किल्ली माझ्याकडे दिली. तिथे त्यांचे खोके होते. प्रत्येकावर खडक आणि वर्ष लिहिलेलं. आत शिंपले आणि मोजमापांच्या वह्या. "कुणालाच देऊ नको. प्राचार्य आले तरी म्हण, सर आल्यावर."

चौथ्या दिवशी मी वाचनालयात बसलो असताना प्राचार्य आले. सोबत एक साहेब होते. नव्या जिल्ह्याच्या ऑफिसांना जागा पुरत नव्हती. त्यातल्या एकाला कॉलेजच्या मागच्या खोल्या हव्या होत्या.

"ए, किल्ली आण," प्राचार्य म्हणाले.

मी आणली. खोक्यांत फायली भरल्या, वह्या रद्दीत गेल्या, आणि शिंपले अंगणातल्या खड्ड्यात, वरून मुरूम.

सर परतले तेव्हा त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीला खाऱ्या पाण्याचा वास होता. दोन दिवस आम्ही दोघं मुरूम उकरत होतो. बरेच शिंपले सापडले; कुठला कुठल्या खडकाचा याची खूण मात्र खोक्यांबरोबर गेली होती. तरी मला उमेद आली.

"सर, लहान-जाड ते लाटेवरचे, मोठे-पातळ ते खाडीतले. मी दोन ढीग करतो ना."

सर माझ्याकडे बघतच राहिले. "आधी उत्तर लिहायचं अन् मग गणित मांडायचं? मग सात वर्षं तिथं कशाला गेलो, बाबा? इथंच बसून सांगितलं असतं." त्यांनी हात झटकले. मग विचारलं, "किल्ली किती वेळा मागितली रे त्यांनी?"

"एकदाच."

त्यांनी मला रागवायला हवं होतं.

पीएच.डी. राहिली. उन्हाळ्यात सर निवृत्त झाले. निरोप समारंभात प्राचार्य म्हणाले, "संकटांचा मार खाऊनच बिराजदारांसारखी माणसं घडतात." टाळ्या पडल्या. सर उठले, खिशातून ते दोन शिंपले काढून माइकशेजारी ठेवले. हॉलमध्ये हशा पिकला.

"यांचं काय म्हणणं हाय, ते हा माझा विद्यार्थी सांगेल," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मला सगळं पाठ होतं. खड्ड्यात काय गेलं, तेही मला माहीत होतं. पण प्राचार्यही माझ्याकडेच पाहत होते, आणि माझ्या शिष्यवृत्तीच्या अर्जावर त्यांची सही व्हायची होती. समोरच्या बाकाची कड दोन्ही हातांनी धरून मी बसून राहिलो.

सरांनी थोडी वाट पाहिली. मग शिंपले उचलून खिशात ठेवले. त्यांनीही एकदाच विचारलं.