सावडीचं रक्त

पुण्याहून सकाळची एसटी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर बर्फाची पेटी होती आणि तिच्या भरवशावर माझी पीएच.डी.

यकृतात चरबी साठली की अ जीवनसत्त्वापासून शरीरात बनणारं एक आम्ल कमी पडतं का, हे आम्ही तपासत होतो. यकृतात चरबी साठलेल्या निरगुडसरच्या नामदेवरावांच्या पहिल्या रक्तात ते जेमतेम होतं, पथ्य सुरू केल्यावर घेतलेल्या दुसऱ्यात भरघोस. माझ्या मार्गदर्शक सरांचा आनंद गगनात मावेना. तिसरं रक्त घेऊन या, म्हणाले. मंचर येईपर्यंत बर्फ पाझरून शेजारच्या आजोबांचं धोतर भिजलं. पेटीत मासळी आहे असं ठरवून त्यांनी जागा बदलली.

नामदेवरावांनी चहाबरोबर जिलबी पुढे केली, स्वतः तीन खाल्ल्या. रिपोर्ट चांगला आल्यापासून यांनी पथ्य सोडलंय, असं त्यांच्या घरच्या काकूंनी कौतुकानं सांगितलं. हे आम्ल उजेडात नासतं, म्हणून मी दारंखिडक्या लावून घेतल्या, देव्हाऱ्यातला लाल बल्ब तेवढा ठेवला. इतक्यात शेजारचे सदाशिवराव बाही सरसावत आत आले. आज नको, आज मी मोकळा आहे, असं नामदेवराव त्यांना म्हणाले.

मी सुई खाली ठेवली.

"मागल्या टायमाला माझी कांद्याची लागण व्हती," नामदेवराव मला म्हणाले. "म्हून सावडीनं (एकमेकांच्या कामाला जायची रीत) सदाशिव माझ्या जागी रगत द्याया बसला. मग मी येक दिस त्याच्या रानात दारं धरली (पाटाचं पाणी वाफ्यांत सोडलं). फिटंफाट."

म्हणजे गेल्या खेपेला आमच्या सहकाऱ्यानं अंधारात नाव पुकारलं होतं आणि सदाशिवरावांनी इमानदारीत हुंकार दिला होता. मला संताप आला, हसूही आलं. ते चांगलं रक्त तुमचं नव्हतंच, हे सांगताना मात्र दोन्ही पळालं.

"म्हंजी मी बरा न्हाई?"

नाही, मी म्हणाले. काकूंनी जिलबीची बशी उचलून नेली.

"माझं चांगलं हाय ना, ताई?" सदाशिवरावांनी विचारलं. "मग त्येच ऱ्हाऊ द्या याच्या नावावर."

तसं करता येत नाही, हे पटवायला तासभर गेला. नामदेवरावांचं स्वतःचं रक्त घेऊन मी निघाले. शरीर काही सावडीनं मिळत नाही, असं परतीच्या बसमध्ये राहून राहून वाटत होतं आणि वाईट वाटत होतं.

पुण्यात तपासलं तर आम्ल पुन्हा जेमतेमच. सरांनी दुसऱ्या रक्ताचा आकडा वहीतून खोडला. महिन्याभरानं चौकशीला नामदेवरावांकडे फोन केला, तो सदाशिवरावांनी उचलला. नामदेवराव रोज चालायला जातात, गोड बंद केलंय, असं म्हणाले.

"त्यो येकला कसा सोडंल, ताई? मीबी सोडलंय. ही सावड चालंल ना?"

सदाशिवरावांच्या यकृताला काहीच झालेलं नव्हतं. चालेल, मी म्हणाले.