सोळा मोजेपर्यंत

बँडचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की सिंधूवैनी हातातलं काम तसंच टाकून ओट्यावर यायच्या. हात कणकेचे असोत की साबणाचे. डोक्यावरून पदर घ्यायच्या आणि वरात समोरून जाईपर्यंत हलायच्या नाहीत. नवरदेवाकडं बघायच्या नाहीत, घोडीकडं बघायच्या नाहीत. वाजवणाऱ्यांकडं बघायच्या. गल्लीतल्या बायका हसायच्या. मीही हसले असते, पण पहिल्याच दिवशी मी त्यांच्याशी जे वागले त्यानंतर मला हसायला तोंड राहिलं नव्हतं.

त्या दिवशी माझ्या दिराची वरात होती. मी लग्न होऊन जबलपूरच्या त्या क्वार्टरांच्या ओळीत आले त्याला दोनच महिने झाले होते. चीनची लढाई संपून वर्ष होत आलं होतं. कोपऱ्यावरच्या घरातला माणूस लढाईवरून परत आला नाही, एवढं मला सासूबाईंनी सांगितलं होतं. दुःखाच्या घरापुढून वाजत जाऊ नये, ही रीत मलाही ठाऊक होती. त्या घराजवळचं नीमाचं झाड आलं तशी सासूबाईंनी डोळ्यांनी खुणावलं. मी पळत पुढं गेले आणि बँडमास्तरला म्हटलं, "भैया, यहाँ बंद करो."

बँड गप्प झाला. नुसते पाय वाजत राहिले. तेवढ्यात दार उघडून एक बाई बाहेर आल्या. उंच, सावळ्या, गळ्यात काळी पोत, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"काहून थांबले?"

मीच म्हटलं, "तुमच्या घरी दुःख आहे न वैनी, म्हणून."

"माझ्या घरी कोण मेलं?"

मी खाली बघितलं.

"सांग न. नाव घे. कोण मेलं माझ्या घरी?"

सासूबाईंनी मला दंडाला धरून मागं ओढलं. बँड दोन घरं पुढं जाऊन परत सुरू झाला. वैनी ओट्यावर उभ्याच होत्या.

त्यांचे यजमान पलटणीच्या बँडमध्ये होते. लोकांना वाटतं, बँडवाले लढाईतही वाजवत असतील. तसं नसतं. लढाई लागली की बँडवाले वाद्यं ठेवून देतात आणि जखमी माणसं उचलतात. एका स्ट्रेचरला दोघं, एक पुढं आणि एक मागं. ते तसे डोंगरावर गेले, बर्फात, आणि घरी कागद आला. त्यात 'लापता' लिहिलं होतं. मेले असं लिहिलं नव्हतं. कैदेतले सुटून आले, त्यांत ते नव्हते. तेव्हापासून वैनींची नणंद मागं लागली होती की कुशाचा पुतळा करून क्रिया उरकून टाका, माणसाला गती मिळते. वैनी म्हणायच्या, "लापता म्हणजे पत्ता नाही. पत्ता हरवते बाई, माणूस नाही हरवत."

नणंदेला त्यांनी घरातून काढलं नाही, पण चहाही दिला नाही.

गल्लीनं मात्र आपला निकाल लावून टाकला होता. कुठलीही वरात असो, नीम आला की वरातीपुढं चालणारा म्हातारा हात वर करायचा आणि बँड मुका व्हायचा. वैनी दरवेळी ओट्यावरून विचारायच्या, "काहून थांबले?" कुणी उत्तर द्यायचं नाही. लोक वाईट नव्हते. मान देत होते. पण त्या मानापायी बाईचा नवरा महिन्यातून तीनदा मरत होता, हे माझ्यासुद्धा फार उशिरा लक्षात आलं.

पाकिस्तानच्या लढाईत तोफगोळ्यांच्या फॅक्टरीत बायका घेऊ लागले. मी चौथी पास, वैनी सातवी. आम्ही दोघी दारू भरायच्या विभागात लागलो. बारा-बारा तास काम. तिथं ठिणगीची भीती, म्हणून आत जाताना अंगावर धातूचा कण नको. पिन नको, जोडवी नको, पोत नको. सकाळी सगळ्याजणी पोत काढून फडक्यात बांधायच्या आणि सुटल्यावर गेटवर घालायच्या. झडती घेणारी बाई तोंडाची फाटकी होती. एकदा वैनींना म्हणाली, "अरे दीदी, रोज उतारती हो, रोज पहनती हो. अब उतरी ही रहने दो."

वैनी गाठ मारता मारता म्हणाल्या, "बहन, उतरवाना तुम्हारा काम है. पहनना मेरा."

ते ऐकल्यापासून मी त्यांच्याबरोबर घरी जायला लागले. पहिल्या दिवसाची माफी मी कधी मागितली नाही. त्यांनीही ती आठवण काढली नाही.

एकदा मी विचारलं, "तुमचे हे बँडमध्ये काय वाजवायचे?"

"झांजा."

मला हसू आलं. मला वाटलं होतं बिगुल, निदान ढोल. वैनी उठल्या, पातेल्याची दोन झाकणं घेतली आणि चुलीपुढं ताठ उभ्या राहिल्या. "हे बघ. बाकीचे वाजवून राहिले. आणि हे काय करून राहिले? मोजून राहिले." झाकणं काखेत धरून, ओठ न हलवता, बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत त्यांनी सोळा मोजले आणि झाकणं अशी आपटली की बाहेरची मांजर भिंतीवरून पडली. "झांजवाल्याला वाजवायचं थोडं, थांबायचं जास्त. पण थांबणं चुकलं की साऱ्या बँडाची इज्जत गेली." ते घरी याच झाकणांवर सराव करायचे म्हणे. भाजी शिजेना की वैनी ओरडायच्या, "झाकण द्या आधी!" आणि ते म्हणायचे, "सोळा मोज, मी आलो."

रविवारी संध्याकाळी छावणीच्या मैदानात पलटणीचा बँड वाजायचा. चुन्याच्या रेघेबाहेर गवतावर कुणीही बसावं. वैनी मला घेऊन जायच्या. मला संगीतातलं काही कळत नाही, पण पंचवीस माणसं आणि पाय एकच, हे बघून माझ्या अंगावर काटा आला होता. समोरचं पितळ उन्हात चमकायचं आणि मोठ्या ढोलाचा ठोका छातीत बसायचा. वैनींच्या यजमानांच्या जागी दुसरा पोरगेला झांजवाला होता. वैनी त्याच्याबरोबर पेरं मोजत बसायच्या आणि माझ्या कानात म्हणायच्या, "पंधरावरच वाजवलं. घाई आहे लेकाला."

चहाच्या सुटीत आम्हा बायकांचं भांडण ठरलेलं, शहरात बँड कुणाचा चांगला? कुणी म्हणे लाल डगलेवाल्यांचा, त्यांची क्लॅरिनेट अशी रडते की नवरीआधी बँडच रडतो. कुणी म्हणे स्टेशनजवळच्या पिवळ्या टोप्यांचा. वैनींना विचारलं की त्या म्हणायच्या, "पनागरवाल्यांचा."

मग जी हसाहस व्हायची! पनागरवाले म्हणजे शहराबाहेरच्या पनागर गावचे, भाजी पिकवणारे लोक. हंगाम नसला की बँड वाजवायचे. एकाची विजार घोट्याच्या वर, दुसऱ्याची टाचेखाली. सूर एकाचा तिलवाऱ्याच्या घाटावर तर दुसऱ्याचा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, रिछाईला. ज्याला दुसरा कुठला बँड मिळाला नाही तो त्यांना बोलवायचा.

"वैनी, कानात काय गेलं तुमच्या?"

"माझा आवडता बँड तो. चलो, भोंगा झाला."

त्यांनी कारण सांगितलं नाही. मला ते पुढं एका वरातीतच कळलं. पनागरवाल्यांचा बँड आला, नीम आला, पुढच्या म्हाताऱ्यानं हात वर केला आणि बँड थांबला नाही. मोठा ढोल वाजवणारा माणूस म्हाताऱ्याकडं बघतच नव्हता. वैनींच्या दारापुढं आल्यावर तर त्यानं ठोका वाढवला. बाकीच्यांना त्याच्यामागून वाजवावंच लागलं. वैनी ओट्यावर ताठ उभ्या होत्या आणि त्या दिवशी त्यांनी कुणाला काही विचारलं नाही.

तो हरकसिंग. पहाडातला माणूस. वैनींच्या यजमानांच्या पलटणीतला, त्यांच्याच बँडातला, स्ट्रेचरवरचा जोडीदार. पलटणीतून सुटल्यावर रिछाईच्या एका कारखान्यात चौकीदारी करायचा, पनागरला खोली घेऊन राहायचा आणि लग्नसराईत ढोल बांधायचा. लढाईवरून आल्यावर तो वैनींना एकदा भेटून गेला होता. "हम अलग हो गए थे, भाभीजी. मुझे पता नहीं," एवढंच म्हणाला होता. वैनी म्हणायच्या, "एक हरकसिंगच आहे ज्याला ठाऊक आहे की हे येणार आहेत. बघ न, कसा वाजवते."

बांगलादेशची लढाई झाली. ती संपली, मटारचे दिवसही सरले आणि लग्नसराई आली. एक दिवस आम्ही कामावरून आलो तर हरकसिंग वैनींच्या ओट्यावर बसलेला. ढोल नाही. पाठीला बाक आला होता. मी निघाले तर म्हणाला, "बहनजी, आप भी बैठो."

वैनी म्हणाल्या, "थांबा, चाय बनाती हूँ."

"नहीं भाभीजी. बात सुनने के बाद पिलाओगी, तो पी लूँगा."

आंधळेपण येत होतं त्याला. सराई संपली की तो गावी जाणार होता. मान खाली घालून तो बोलला. "मैंने झूठ कहा था. हम अलग नहीं हुए थे. स्ट्रेचर का अगला सिरा उसके पास था, पिछला मेरे पास. ऊपर से गोली आई, उसको लगी. वो बर्फ में बैठ गया. बोला, हरकसिंग, जख्मी को पीठ पर ले ले, तू उतर. मैंने कहा, और तू? बोला, सोलह गिन, मैं आता हूँ."

वैनींचा अंगठा पेरावर होता, तो तिथंच थांबला.

"मैं गिनता उतरा भाभीजी. सोलह, फिर सोलह. मोड़ पर पलटकर देखा. वो वैसे ही बैठा था, सिर छाती पर. हिला नहीं. मैं वापस नहीं गया."

शेजारी कुणी तरी पाट्यावर चटणी वाटत होतं.

वैनींनी विचारलं, "वो जख्मी? बचा?"

"बच गया."

"अच्छा."

"आपके दरवाज़े पर ढोल रोकता, तो आप समझ जातीं. इसलिए नहीं रोका."

वैनी आत गेल्या. मी उठले नाही, कारण अशा वेळी मागं जाणाऱ्या बायका मला आवडत नाहीत. स्टो पेटल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं त्या कप घेऊन बाहेर आल्या आणि त्याच्या हातात दिला. तो प्यायला. रडला तो एकटाच.

त्यानंतर चार दिवसांनी पनागरवाल्यांच्याच बँडाची वरात आली. संध्याकाळचं ऊन अजून भिंतीवर होतं. वैनी आधीपासूनच ओट्यावर होत्या आणि त्यांच्या हातांना कणीक नव्हती, साबण नव्हता. त्या आपणहून तयार होऊन उभ्या होत्या. बँड नीमाशी आला तेव्हा त्या ओट्यावरून खाली उतरल्या, जे त्यांनी कधी केलं नव्हतं, रस्त्याच्या मधोमध गेल्या आणि हात वर केला.

"थांबा."

पनागरवाल्यांना एकदम थांबणंही जमायचं नाही. एक बिगुल पुढं गेलाच. मग सगळं गप्प झालं. हरकसिंगची काठी वरच्या वर राहिली.

नवरदेवाचा बाप पुढं आला, "क्या हुआ? क्यों रोका?"

मी म्हटलं, "चुप रहो दो मिनट."

वैनी पेरांवर मोजत होत्या. ओठ हलत नव्हते. घोडीनं मान झटकली तेवढा घुंगरांचा आवाज झाला. सोळा झाले तशी त्यांनी हरकसिंगकडं बघितलं.

"हं. वाजवा भैया."

त्यानं ठोका टाकला. आधी एकट्या ढोलाचा, मग बाकीचे आपापल्या सुरात लागले. वरात संपेपर्यंत वैनी रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सुटल्यावर गेटवर त्यांनी पोतीचं फडकं सोडलं नाही, तसंच पिशवीत टाकलं. झडतीवाली बघत होती. रविवारी मी त्यांच्याबरोबर तिलवाऱ्याला गेले. नणंदही आली. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. नर्मदेचं पाणी थंड होतं. येताना वैनींनी नणंदेला चहा पाजला.

पुढं आमच्या गल्लीत कुठलाच बँड त्यांच्या दारी थांबला नाही. त्यांनीच सगळ्यांना सांगून टाकलं, "आता थांबायचं झालं माझं." तरी आवडता बँड विचारला की उत्तर तेच, पनागरवाल्यांचा. हरकसिंग गावी गेल्यावर तो आणखी बेसूर झाला, तरी तेच.

वैनी गेल्या त्या वयानं गेल्या, झोपेत. मी तेव्हा आजी झाले होते. आमच्याकडं बायका तिरडीबरोबर गल्लीच्या तोंडापर्यंतच जातात. आम्ही तिथं पोचलो आणि समोरून वरात आली. बँडवाल्यांनी अर्थी बघितली आणि सगळं एकदम बंद केलं. बँडमास्तर तरणा होता, त्यानं टोपीही काढली.

मी पुढं गेले. म्हटलं, "काहून थांबला? बजाओ."

"अम्मा, अर्थी है."

"मालूम है. मेरे ही घर की है. सोलह गिनो, और बजाओ."

त्यानं टोपी परत घातली. मग मागं वळून काहीतरी म्हणाला आणि बँड सुरू झाला. अर्थी एका बाजूनं गेली, वरात दुसऱ्या बाजूनं. त्यांनी मोजलं असावं, पण झांजा जरा आधीच पडल्या.

घाई होती लेकाला.