देवीच्या चेहऱ्यातील मुलगी

माझी पत्नी नैवेद्य झाल्याशिवाय जेवत नाही. आमच्या पिढीच्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. परंतु गेल्या काही वर्षांत तिच्या स्मरणातून एकेक गोष्ट निघून गेली. आधी शेजाऱ्यांची नावे गेली, मग हे टेक्ससमधील फ्रिस्को गावचे घर, मग मुलगा आणि सून. मी कोण, हेही काही दिवशी तिला सांगावे लागते. राहिला तो एवढा एकच नियम: देव्हाऱ्यातील लक्ष्मीच्या तसबिरीपुढे ताट ठेवायचे, देवी जेवली असे मी म्हणायचे, आणि मग तिने हात धुऊन पानावर बसायचे. यात खंड पडला की घास तोंडाशी नेला तरी ती ओठ मिटून घेते. मागच्या भेटीत डॉक्टरांनी सुनेला बाजूला घेऊन पोटात नळी घालण्याचा विषय काढला होता. तेव्हापासून आमच्या घरी नैवेद्य हा केवळ धर्माचा विषय राहिला नव्हता.

ती तसबीर पत्नीच्या माहेरची. जुन्या शिळाप्रेसवरची रंगीत छपाई, आणि त्यावर तिच्या आजीने देवीच्या साडीला जर आणि टिकल्या शिवून चढवलेल्या. देवी पाण्याकाठच्या खडकावर बसली आहे. चेहरा विलक्षण कोवळा. डावी पापणी उजवीपेक्षा किंचित जड, आणि ओठ असे, की बोलता बोलता कोणी थांबावे. आपण समोर कोठेही बसलो तरी तिची दृष्टी आपल्याला मिळत नाही. कानाजवळून मागे निघून जाते. पत्नीच्या माहेरी म्हणत, देवी आपल्याकडे पाहत नाही, आपल्या मागे जो उभा असतो त्याच्याकडे पाहते. नैवेद्याच्या वेळी म्हणूनच ते समोरचे दार लावून घेत. मी वेदान्त शिकलेला मनुष्य, या समजुतीला हसत असे; पण दार मीही लावत असे.

नात महाविद्यालयात चित्रकलेचा इतिहास शिकते. गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी तिने आम्हा दोघांना एका संग्रहालयात नेले. तिच्या वर्गात त्या वेळी एकोणिसाव्या शतकातील एका फ्रेंच चित्रकाराचा अभ्यास चालू होता आणि त्याची काही चित्रे तेथे मांडलेली होती. त्याचे नाव मी लिहीत नाही. माझ्या तोंडून ते नीट निघतही नाही; नात म्हणते, मी उच्चारले की ते एखाद्या ऋषीचे वाटते.

रस्त्यात तिने त्याचे चरित्र सांगितले. एका लहान बंदराच्या गावी खोगिरे शिवणाऱ्याच्या घरी तो जन्मला. गावाने खर्च देऊन त्याला पॅरिसच्या अकादमीत धाडले. तेथे जिवंत माणूस समोर बसण्यापूर्वी विद्यार्थ्याने कित्येक वर्षे केवळ प्लॅस्टरच्या प्रतिकृती रेखाटायच्या: तुटलेले हात, पाय, डोळ्यांत बुबुळ नसलेली मस्तके. त्या पांढऱ्या निर्जीव वस्तूवर उजेड कसा पडतो एवढेच पाहायचे. मला ते फार जवळचे वाटले. आम्हीही पाठशाळेत अर्थ ठाऊक नसताना वर्षानुवर्षे पाठच करत होतो, आणि गुरुजी म्हणत, अर्थ मागाहून येऊन त्यात राहील. पुढे त्या चित्रकाराला मोठे पारितोषिक मिळाले, रोमला धाडले गेले, सरकारी प्रदर्शनांत त्याची चित्रे लागली. अप्सरा, देवता, मेरीमाता, मेंढ्या राखणाऱ्या मुली. त्याच्या चित्रात कुंचल्याचा माग दिसत नाही. कातडी काचेसारखी गुळगुळीत. अमेरिकेतल्या धनिकांनी ती चित्रे विकत घेतली, पुढच्या पिढीने त्यांची थट्टा केली, आणि संग्रहालयांनी ती तळघरात ठेवून दिली. आता ती पुन्हा वर येत होती.

दालन थंड आणि जवळजवळ रिकामे होते. पत्नीचा हात माझ्या हातात होता. दारातून आत शिरताच तिने तो सोडवून घेतला, चपला काढल्या, आणि समोरच्या मोठ्या चित्रापुढे जाऊन हात जोडले. चित्रात पाण्याकाठी एक तरुणी घागर घेऊन बसली होती.

"अहो, देवी इथं कशी आली?" ती म्हणाली. "घरी ताट कोणापुढे ठेवलंत मग?"

मी वर पाहिले. जड डावी पापणी, थांबलेले ओठ, आणि ती दृष्टी माझ्या कानाजवळून मागे गेलेली. मी वळून पाहिले. मागे पहारेकरी बाई उभी होती. ती पत्नीच्या अनवाणी पायांकडे पाहत होती. पण खरे भय मला नंतर वाटले. मी दालनभर फिरलो. मेंढ्या राखणारी तीच होती. मेरीमाता तीच होती. पंख असलेली, ढगावर निजलेली, सगळ्यांचा चेहरा तोच होता. आपापल्या चौकटींतून त्या आमच्या मागे कोणाकडे तरी पाहत होत्या.

नातीने फोनमधले आमच्या देव्हाऱ्याचे छायाचित्र उघडले आणि चित्राशेजारी धरले. "आजोबा, सेम फेस. लाइक, एग्झॅक्टली सेम." तिला आनंद झाला होता. त्या काळी अशा चित्रांच्या छापील नकला जगभर विकल्या जात, ती म्हणाली. आपल्याकडच्या छापखान्यातल्या कोणा कारागिराने एखादी समोर ठेवून लक्ष्मी काढली असणार. मी म्हटले, असेल. देव कोणत्याही चेहऱ्याने येतो, हे मी लोकांना प्रवचनात सांगत आलो आहे.

चित्रांतली ती मुलगी कोण, हे नातीला पुढच्या आठवड्यात कळले. प्राध्यापिकेने वर्गात सांगितले होते. पत्नी आतल्या खोलीत निजली होती, आम्ही दोघे स्वयंपाकघरात चहा घेत होतो, आणि नात नेहमीप्रमाणे अर्धे इंग्रजीत बोलत होती. ती चित्रकाराची थोरली मुलगी. ऐन वयात येण्याच्या सुमारास तापाने गेली. तिला नेण्यापूर्वी त्याने तिच्या चेहऱ्याचा प्लॅस्टरचा साचा करून घेतला आणि तो आपल्या कामाच्या खोलीत टांगला. त्यानंतरची सगळी चित्रे त्या साच्यावरून केलेली. शरीरे भाड्याने आलेल्या निरनिराळ्या स्त्रियांची. मस्तक मात्र तिचे.

"पण साच्यात डोळे मिटलेले असतात ना," नात म्हणाली. "सो ही हॅड टू ओपन देम. मनाने. म्हणून ती कुठेच बघत नाही, आजोबा. इट्स अ गेस."

आमच्याकडे मूर्तीचे डोळे उघडणे हा स्वतंत्र विधी आहे. सर्व अंगे पूर्ण झाल्यावर शेवटी सोन्याच्या शलाकेने ते उघडतात, आणि पहिली दृष्टी मनुष्यावर पडू नये म्हणून समोर आरसा धरतात. प्लॅस्टरला जिवंत करण्याची विद्या ज्याने विद्यार्थिदशेत घटवली होती, त्या बापाने हे काम रोज केले. विधी नाही, आरसा नाही, समोर केवळ तो. आणि त्या डोळ्यांपुढे मी इतकी वर्षे अन्न ठेवत आलो होतो.

येथून माझा गोंधळ सुरू झाला. देव कोणत्याही रूपात येतो, हे खरे. परंतु प्रेताला देवाच्या आसनावर बसवू नये, हेही मला शिकवलेले आहे. तसबीर काढून ठेवणे शक्यच नव्हते. म्हणून मी एक तोड काढली. ताट नेहमीसारखे ठेवायचे, पाणी फिरवायचे, हात हलवायचे. फक्त आवाहन करायचे नाही. माझे मंत्र मनातच असतात, ओठही हलत नाहीत. गुरुजींनी लावलेली सवय आहे ती. कोणाला कळण्याचा प्रश्नच नव्हता.

त्या दुपारी मी म्हणालो, "देवी जेवली. चल, हात धू."

पत्नीने माझ्याकडे पाहिले. "तुम्ही तिला बोलावलंच नाहीत," ती म्हणाली आणि पानावर बसली नाही.

दुसऱ्या दिवशीही तेच झाले. सुनेने पेज करून पाहिली, मुलाने कामावरून लवकर येऊन आइस्क्रीम भरवून पाहिले. ओठ मिटलेलेच. तिच्या मनगटातील आधीच सैल झालेली बांगडी कोपरापर्यंत सरकू लागली. सुनेने डॉक्टरांच्या कचेरीत फोन केला. तिकडून नळीसाठी वेळ ठरवण्याची भाषा झाली. ते ऐकून मी स्नान करून पुन्हा सोवळे नेसलो, आणि या वेळी सर्व अंतःकरणाने आवाहन केले. निदान करू गेलो. डोळे मिटून देवीचे ध्यान करताना माझ्यापुढे कमळ आले नाही. भिंतीवर टांगलेले पांढरे काहीतरी आले, आणि मी मंत्र म्हणत राहिलो, आणि ते जवळ येत राहिले.

मी डोळे उघडले तेव्हा पत्नी माझ्या शेजारी येऊन उभी होती. ती ताटाकडे पाहत होती, मग ताटाच्या पलीकडे.

"ही देवी नव्हे," ती हळू आवाजात म्हणाली, झोपलेल्या मुलाजवळ बोलतात तशी. "ही ती मुलगी आलीय. तिचे डोळे मिटलेत हो. तिला ताट दिसत नाहीये."

मी नातीला विचारले, तू आजीपाशी काही बोललीस का? ती नाही म्हणाली, आणि तिचा चेहरा उतरला. सुनेलाही साच्याची गोष्ट ठाऊक नव्हती. मला सांगणारी नात, आणि ऐकणारा मी.

त्या दिवशीही ती जेवली नाही. मी बराच वेळ देव्हाऱ्यापाशी बसून राहिलो. भय होतेच. पण भयाच्या खाली मला दुसरे काही दिसू लागले. त्या बापाने मुलीला अप्सरा केले, देवी केले, मेरीमाता केले. शंभर रूपांनी बसवले. पण जाऊ दिले नाही. आम्ही तिला जर आणि टिकल्या चढवल्या. तिच्यापुढे पक्वान्ने ठेवली, ती दुसऱ्या कोणाच्या नावाने. तिच्या स्वतःच्या नावाने कोणी पाण्याचा थेंबही दिला नव्हता.

पितृपक्ष संपत आला होता. दुसऱ्या दिवशी, अमावास्येच्या सकाळी, मागल्या अंगणात, कुंपणापाशी, दक्षिणेकडे तोंड करून मी तर्पणाला बसलो. टेक्ससमधील ऊन त्या वेळीही कडक होते. आधी माझे पितर झाले. मग, ज्यांना कोणी नाही त्यांच्यासाठी जी जागा शास्त्राने राखून ठेवली आहे, तेथे मी थांबलो. नातीने तिचे नाव शोधून दिले होते. ज्याचे गोत्र ठाऊक नाही त्याचे काश्यप म्हणावे, असे सांगितलेले आहे, ते म्हटले. एका खोगिरे शिवणाऱ्याच्या नातीला मी काश्यप गोत्रात घेतले.

मुलगा कॉफीचा पेला घेऊन दारात उभा होता. त्याचा अशा गोष्टींवर विश्वास नाही. "बाबा, फ्रेंच मुलगी आहे, तिळाच्या पाण्यानं तिचं काय होणार? क्रोसाँ तरी ठेवा," तो म्हणाला. सून आतून म्हणाली, "अहो, पुरे. डोळे पुसा आधी." तेव्हा माझ्या लक्षात आले की तो रडत होता. आईच्या नळीची वेळ दुसऱ्या दिवशीची होती.

दुपारी मी देवीपुढे ताट ठेवले, आणि शेजारी जमिनीवर एका द्रोणात दहीभात वेगळा. आवाहन देवीचे केले. या वेळी कमळ आले, अस्पष्ट, पण आले.

पत्नी आपण होऊन बाहेर आली. ताटाकडे तिने पाहिलेही नाही. द्रोणापाशी मांडी घालून बसली. मी म्हणालो, "अगं, ते तुझं नाही."

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "तुम्ही नुसतं ठेवून उठता. डोळे मिटलेल्या माणसाचा हात धरावा लागतो."

तिने डावा हात पुढे करून हवेत काहीतरी धरले, मनगटाएवढ्या जाडीचे. उजव्या हाताने दहीभाताचा लहान घास केला आणि समोर, बसलेल्या मुलीचे तोंड असावे तितक्या उंचीवर नेऊन थांबली. ती वाट पाहत होती. मग हात खाली आणला. घास बोटांत होता की नव्हता, हे मला माझ्या जागेवरून दिसत नव्हते, आणि मी जागा बदलली नाही. असे बराच वेळ चालले. शेवटी तिने हवेतच कोणाचे तरी तोंड पुसले, पदर खोचला आणि सुनेकडे वळली.

"मला वाढतेस का, बाई? सकाळपासून पोटात काही नाही."

सुनेने वाढले. ती जेवली, पोटभर नव्हे, पण जेवली. मुलाने बाहेर जाऊन फोनवर दुसऱ्या दिवशीची वेळ रद्द केली.

आता हा आमच्या घरचा क्रम झाला आहे. एक ताट, एक द्रोण, आणि मग पत्नीचे जेवण. द्रोण मी केळीच्या पानाने झाकून नेतो आणि कुंपणाबाहेरच्या झाडाखाली पक्ष्यांसाठी ठेवतो. झाकण उचलून मी कधी पाहिले नाही. मला देवाचा भरवसा आहे, आणि त्या भरवशाला अशा तपासण्या मानवत नाहीत.

मागच्या आठवड्यात माझा गुडघा दुखत होता म्हणून द्रोण सून घेऊन गेली. परत आल्यावर ती दारातच उभी राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "रोज इतका हलका लागतो का हो?"

मी जपमाळ थांबवली नाही. "झाकूनच नेत जा," मी म्हटले.