न पडलेला कौल

वर्षभर मी ती गाठ लुगड्याखाली लपवली. डाव्या जांघेच्या आत, ओटीपोटाच्या तळाशी. दाखवणार तरी कुणाला? बसणंही जमेना, तेव्हा सासूबाईंनी ओळखलं. गळू असणार म्हणून शेजारगावचे गळवं फोडणारे एक बाबा बोलावले. मेली लाज मीही सोडली. पदरात दोन वर्षांची लेक होती, मला जगायचं होतं.

आमच्या पारनेरकडच्या गावात भैरोबाला विचारल्याशिवाय अंगाला सुरी लावत नसत. गुरवाने कौल लावला, देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर चिरायचं, डावी पडली तर नाही. एकही पडेना. ऊन डोक्यावर आलं, बाबा कंटाळून "सांच्याला येतो" म्हणून निघून गेले. मी देवळाच्या पायरीवर कण्हत होते आणि मनातल्या मनात देवाला शिव्या घालत होते. अरे, हो म्हण नाहीतर नाही म्हण, असा मुका का झालास?

तेवढ्यात बांगड्यांचं गाठोडं उतरवून एक मुसलमान म्हातारी सावलीला टेकली. माझी दशा बघून तिने सासूबाईंकडे चौकशी केली, मला आडोशाला नेलं आणि गाठीवर हात ठेवला. बोटांनी चहूबाजूंनी दाबून पाहिली.

"गळू न्हाई ह्ये. गळू तापतं, मऊ पडतं. ही तर थंड हाय, दगडावानी. माझ्या भनीला अशीच हुती. गावातच चिरली, म्हैन्यात दुप्पट झाली. माती दिली तिला. पोरी, सुरी लावून घिऊ नगंस. नगरला डॉक्टरीणबाई हाय, तिला दाव."

सासूबाई उठल्याच. "कौल बी पडंना, ते उगंच न्हाई. गाडी जुंपा."

डॉक्टरीणबाईंनी आतून-बाहेरून तपासलं. हाडाला धरून वाढलेली मांसाची गाठ. अशी आपण एकदाच पाहिली, म्हणाल्या. गुंगी देऊन त्यांनी ती भोवतालच्या मांसासकट अख्खी काढली आणि दुर्बिणीखाली तपासायला मुंबईला पाठवली. उत्तर आलं तेव्हा खाटेशी बसून म्हणाल्या, "गाठ वाईट जातीची होती. आधी कुणी चिरली असती, तर माझ्या हातात काही उरलं नसतं." मी ढसाढसा रडले.

पाय ओढत चालते, पण लेकीचं लग्न पाहिलं, नात मांडीवर घेतली. मी देवाला दरडावून उत्तर मागत होते. त्याने मला नुसतं थांबवून ठेवलं. त्या म्हातारीचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही, याची फार लाज वाटते. पुढे किती बाजार शोधले, ती दिसली नाही. आता देव गप्प राहिला की मी डाफरत नाही, पायरीवर बसून राहते. कुणी अनोळखी बाई टेकायला आली, तर तिला पाणी देते आणि आधी नाव विचारते.