रिकामी पट्टी

धाकट्या बहिणीच्या गॅलरीतून खाली पाहिलं की औषधांची तीन दुकानं दिसतात, एकाच गल्लीत, जवळजवळ एकमेकांना चिकटून. आल्या दिवसापासून ती माझ्या डोळ्यांत खुपताहेत.

काल तिने रक्तदाबाची शेवटची गोळी घेतली आणि रिकामी पट्टी केराच्या डब्यात भिरकावली. मी ती चटकन उचलली.

"ताई, कचरा आहे गं तो."

"मग उद्या दुकानात काय दाखवशील?"

ती हसली. "फोन केला की घरी आणून देतात."

आमच्या गावात रिकामी पट्टी कुणी फेकत नाही. औषधाचं दुकान तालुक्याला. सकाळच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे पट्टी द्यायची आणि संध्याकाळी फाट्यावर उभं राहून तसलीच भरलेली घ्यायची. गाडी आली नाही तर सासूबाई हात पुढे करून म्हणतात, "अर्धीच दे. अर्धी उद्याला ठेव." रक्तदाब त्यांनाही तोच आहे, जो माझ्या बहिणीला. दुकानांना मात्र तो हिच्याच गल्लीत दिसला.

हिच्या फ्लॅटचा, गाडीचा मला कधी हेवा वाटला नाही. पण ते भिरकावणं रात्रभर डोळ्यांपुढून हलेना. मागे वळून न बघता, किती सहज.

आज निघताना ती पट्टी माझ्या पर्समध्ये सापडली. म्हटलं, एकदा आपणही टाकून बघू. डब्यापाशी जाऊन उभी राहिले, पण मूठ काही उघडेना.