रेश्माचं मातीचं डुक्कर

आज अमावास्या. मातीच्या बैलांची पूजा झाली, कडबूचा नैवेद्य झाला. पण जपाला बसले तरी माळ पुढं सरकेना. डोकं नुसतं तापलंय.

श्यामलाअक्कानं साठी कधीच ओलांडली. बाप अळणावरला लाकडाच्या वखारीत कारकून. ही जंगलाच्या कडेला वाढली, लग्न केलं नाही, जन्म शाळेत काढला. आता आमच्या कॉलनीतल्या देवळाच्या हॉलमध्ये लहान मुलांना वाचायला शिकवते. भिंतीवर तक्ता नाही. मूल आत आलं की पहिला प्रश्न, "काय गं, आज वाटेत कोण भेटलं?" कुणाला शेळी भेटते, कुणाला गाढव. मग ते मातीत करायचं, नाव मोठ्यानं म्हणायचं, तोंडातून पहिला आवाज कुठला निघाला तो पकडायचा आणि त्याचं अक्षर काडीनं जनावराच्या पोटावर कोरायचं. मी एकदा म्हटलं, "अक्का, छापील तक्ते मिळतात की." तर म्हणाली, "मिळतात. त्यात याक असतो. हुबळीत तुला कधी याक भेटलाय?"

रेश्मा पाच वर्षांची. तिची आई संगीता देवळाचं अंगण झाडते. पोरगी आल्यापासून तोंडच उघडत नव्हती. अक्का रोज विचारायची, ही रोज गप्प. मागच्या आठवड्यात एकदम ओरडली, "डुक्कर!" पोटावर 'ड' कोरून झाला आणि मग काय, एखाद्या दुकानाच्या हिंदी पाटीवर ड दिसला की आईचा पदर ओढायची.

आज मुलांनी बैलजोड्या करून हॉलच्या फळीवर मांडल्या. शेजारी नेहमीची जनावरं. मी नैवेद्याचं ताट घेऊन पोचले, तर देवळाचे विश्वस्त प्रभंजनराव फळीपुढं उभे.

"अक्का, पूजेच्या बैलांशेजारी हे काय?"

"रेश्माचं डुक्कर."

त्यांनी ते रुमालात धरून उचललं आणि खिडकीबाहेर टाकलं. फुटल्याचा आवाज आत आला.

"ड ला डमरू आहे की! देवाच्या जागेत असलं चालायचं नाही. नाहीतर उद्यापासून हॉलला कुलूप."

"डमरू तिला वाटेत भेटत नाही हो," अक्का एवढंच बोलली आणि तुकडे वेचायला बाहेर गेली.

मला राहवेना. "प्रभंजनराव, मागं वळून बघा. भिंतीवर दशावतार रंगवलेत. तिसरा कोण?"

"ते वेगळं, वहिनी."

"काय वेगळं? त्या वराहाला रोज साष्टांग घालता. हे संगीताच्या पोरीनं केलं म्हणून घाण?"

"साकु बिड्री," पुरे करा म्हणत ते किल्ल्या वाजवत निघून गेले. आमचे हे देवळाच्या समितीवर. हे दारात चपला शोधत होते. चपला पायातच होत्या.

देवाचं नाव घेऊन लेकराचं तोंड बंद करायचं, हा कुठला धर्म? उपास मी करते, सोवळं मी पाळते. मला कुणी सोवळं शिकवू नये. आणि अंगणात संगीता हात जोडून माफी मागत होती. कशाची?

अक्काला आणि रेश्माला घेऊन मी घरी आले. पुढच्या खोलीत सतरंजी टाकली. अक्कानं तुकडे पाण्यात भिजवले, मळले, गोळा पोरीपुढं ठेवला. "कोण भेटलं गं आज?"

रेश्मा गप्प. पुन्हा पहिल्यासारखी.

"उद्या विचारीन," अक्का म्हणाली. तिला धीर आहे. मला नाही.

तेवढ्यात हे जेवायला आले. "हे काय मांडलंय?"

"शाळा. उद्यापासून इथंच."

"अगं, पण प्रभंजनराव काय म्हणतील? मी समितीवर..."

"त्यांना सांगा, तुमच्या चपला सापडल्या म्हणून."

रेश्मा खुदकन हसली. मग खाली मान घालून माती दाबायला लागली. आधी पोट, मग नाकाड. बोलली नाही, काडीही मागितली नाही. नखानंच पोटावर ड कोरला, पहिल्यापेक्षा मोठा.

मी ते डुक्कर ओलंच उचललं, देवघरात दोन बैलांच्या मधे ठेवलं, कुंकू लावलं. हे दारातून बघत होते.

शाळा आता कुठं भरणार, हा निरोप संध्याकाळी समितीला हेच नेणार आहेत. मी पाठवणार आहे.