चपला काढून शिरायचा कारखाना

मागच्या खेपेला तुमच्या बाबांनी फोनवर विचारलं, परसातली लाकडी खोली कशी झाली. आजोबांनी "छान आहे" एवढंच सांगून फोन माझ्याकडे दिला. हे उत्तर अपुरं होतं, आणि अपुरी उत्तरं मी कुणाचीच चालवून घेत नाही. म्हणून क्रमाने लिहिते. तुम्हा दोघांना मराठी वाचता येतं असा तुमच्या बाबांचा दावा आहे. तोही या निमित्ताने तपासून होईल.

आजोबा मानपाड्याच्या एका कारखान्यात लोखंडाचे साचे बनवायचे आणि घरी आले की लाकूडकाम करायचे. घरात त्यांचा कारखाना म्हणजे जेवणाचं टेबल. मी साडेसातला ताटं मांडते. त्यामुळे सव्वासातला करवत, पटाश्या आणि अर्धवट चिकटवलेलं जे काही असेल ते उचलायचं, भुसा झाडायचा, टेबल पुसायचं. लग्नाला चाळीसहून जास्त वर्षं झाली, हा नियम एकदाही मोडला नाही, याचा मला अभिमान होता.

गेल्या वर्षी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, हात जितका चालेल तितका चालू ठेवा, काम सोडू नका. परत येताना रिक्षात आजोबा म्हणाले, "मला अशी एक जागा हवी, जिथलं काही आवरावं लागणार नाही." मी ते ऐकलं आणि मनातल्या यादीत लिहिलं: खोली, परसात, पेरूच्या झाडाशेजारी. वाक्याचा दुसरा अर्धा भाग यादीत घ्यायचा राहिला.

मी कळवताच तुमच्या बाबांनी तिकडचे फोटो पाठवले. ओंडक्यांचं घर, उतरतं छप्पर, छपरावर हातभर बर्फ. छप्पर असंच उभट हवं, म्हणजे बर्फ घसरून जाईल, असं त्यांनी बजावलं. तुमचे बाबा इथेच, डोंबिवलीत जन्मले. आमच्या छपरावर शेजारच्यांचा चेंडू पडतो आणि कावळे हाडं आणून टाकतात. ते घसरलं काय आणि राहिलं काय.

शीळफाट्याच्या पुढे अशा तयार केबिन विकणारं एक दुकान आहे म्हणून आम्ही तिथेही गेलो. टाय लावलेल्या एका तरुणाने आम्हाला खुर्च्या दिल्या आणि खिडकीतून कुठला व्ह्यू हवा ते विचारलं. आमच्या परसातून शेजारणीच्या वाळत घातलेल्या चादरी दिसतात. मी तसं सांगितलं. त्याने मान डोलावून मोठी खिडकी सुचवली. लाकूड परदेशी पाइन होतं. आजोबांनी नमुन्याच्या फळीवर नख दाबलं, तर पिकल्या पपईत जावं तसं आत गेलं. "सर, फील बघा," तो म्हणाला. आम्ही फील बघितला, चहा प्यालो आणि निघालो.

शेवटी कल्याणच्या एका वखारीत पाडलेल्या इमारतींचा जुना साग मिळाला आणि तिथलेच एक वयस्क मिस्त्री मिळाले. ते प्रत्येक तुळईवर बोटाची पेरं आपटून कान लावायचे. कारखान्यातला माणूस आणि मिस्त्री यांचं तासाभरात असं जमलं, की दोघंही मला विचारेनासे झाले. एका तुळईला पाळण्याची कडी तशीच होती. मिस्त्री ती काढणार होते. आजोबा म्हणाले, राहू दे, मोठी करवत टांगता येईल. मिस्त्रींनी भिंतीला लागून जाड फळीचं कामाचं टेबल केलं, त्याला लाकूड पकडायचा शेगडा बसवला, आणि दोन आठवड्यांत खोली उभी राहिली. छप्पर उभट. मुलाचा शब्द मोडवत नाही ना.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग मी वास्तुशांत केली.

गुरुजी आले, होम झाला, दारावर तोरण लागलं. प्रसादाला मिस्त्री आले, तेव्हा ज्या फरशीवर दोन आठवडे बूट घालून वावरले तिथे त्यांनी चपला बाहेर काढल्या. सगळ्यांनीच काढल्या. त्यानंतर कुणीच चपला घालून आत गेलं नाही. ठाण्याहून माझी नणंद, म्हणजे तुमची आत्याआजी, आली होती. खोपटला राहते आणि सगळ्या महाराष्ट्राला सल्ला देते. ती आत उभी राहून वास घेत म्हणाली, "वहिनी, एवढ्या सुंदर खोलीत हा भुसा पाडणार?"

मी म्हणायला हवं होतं, हो. मी पायपुसणं आणलं. पुढच्या रविवारी नणंदेने सतरंजी आणि पडदे आणले, आणि पाळण्याच्या कडीला वाऱ्यावर किणकिणणारी नळ्यांची माळ टांगली. कामाच्या टेबलावर मी क्रोशाचं टेबलक्लॉथ घातलं. शेगडा झाकला जात नव्हता, त्यावर फुलदाणी ठेवली. आजोबांची हत्यारं धुऊन-पुसून मापाप्रमाणे लावली आणि प्रत्येकाखाली चिठ्ठी चिकटवली. पटाशी, अर्धा इंच. पटाशी, पाऊण इंच. आळीतल्या बायका बघायला आल्या. आमची भिशी तिथे भरायला लागली. नणंद दर रविवारी जेवून तिथे झोपायची आणि उठल्यावर सागाच्या वासाने झोप किती छान लागते ते सांगायची. मला वाटत होतं, मी नवऱ्याला जगातला सर्वात नीटनेटका कारखाना दिला आहे.

असे तीन महिने गेले. एका संध्याकाळी सव्वासातला मी ताटं घेऊन बाहेर आले, तर आजोबा नेहमीसारखं जेवणाचं टेबल पुसत होते. बाजूला वर्तमानपत्रावर दोन चिकटवलेल्या पट्ट्या होत्या. उचलताना त्यांचा हात हलला आणि सांधा निखळला. त्यांनी दोन्ही तुकडे गुंडाळून कपाटाखाली सरकवले, जसे चाळीस वर्षं सरकवत आले होते. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की ते कामाला कधी परसातल्या खोलीत गेलेच नव्हते.

मी विचारलं, "अहो, तिकडे का नाही बसत कामाला?"

"तिथे चपला काढाव्या लागतात," ते म्हणाले. "अनवाणी पायात खिळा जाईल."

तक्रार नव्हती, कारखान्यातल्या माणसाची साधी खबरदारी होती. त्यांनी ओरडून भांडण केलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सतरंजी गुंडाळली, पडदे काढले, माळ उतरवली आणि सगळं घेऊन खोपटला गेले. नणंदेला सांगितलं, तुझी झोप परत आणली आहे. ती अजून रागावलेली आहे. रविवारी दोघंच जेवतो, शांतपणे. भिशी आता तिसऱ्या आळीत भरते आणि तिथे माझ्याविषयी काय बोलतात ते मला कळतं.

घरी आल्यावर बाहेरच्या चपला घालूनच मी त्या खोलीत गेले, फुलदाणी उचलली, टेबलक्लॉथ ओढलं, चिठ्ठ्या खरवडल्या. मग तोरणाच्या बाजूला एक खिळा ठोकला, काही टांगायला नाही, नुसताच, खोलीचं सोवळं मोडायला. तो वाकडा गेला. आजोबा दारात येऊन उभे होते. त्यांनी खिळा बघितला, पायात बूट चढवले आणि कडीला करवत टांगली.

परवा साडेसातला जेवायला बोलवायला गेले. सगळीकडे रंध्याच्या कुरळ्या साली, गोंदाची उघडी डबी, शेगड्यात काहीतरी पकडलेलं. माझा हात केरसुणीकडे गेला, हे मान्य करते. मी तो मागे घेतला. ताटं आठ वाजून दहा मिनिटांनी मांडली. शेगड्यात काय आहे ते मला माहीत नाही. अर्धवट आहे, आणि आज सकाळीही तिथेच होतं.